तात्पुरतं पातं

एखादी वस्तू कचरा आहे की नाही, हे त्या वस्तूच्या हातात नसतं. ते कार्यालय ठरवतं. पवनचक्कीचं जे पातं एका मंगळवारी भर दुपारी टेलरताईंच्या दारात येऊन पडलं, ते कचरा नव्हतं. मग ते होतं तरी काय, यावर पुढे बराच काळ विचारविनिमय झाला. पण कचरा नव्हतं, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

गल्ली तशी साधीच. एका तोंडाला सायकल दुरुस्तीचं दुकान, मधे दोन्ही बाजूंना बसकी घरं, आणि दुसऱ्या तोंडाला, काटकोनात वळणाऱ्या रस्त्यावर, मोठ्या थाटात उभं केलेलं 'घटक पुनर्निर्माण केंद्र'. गावामागच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांचे भाग उतरवायचे, घासूनपुसून नीट करायचे, पुन्हा वापरायचे आणि काही म्हणजे काही फेकायचं नाही, असं धोरण ठरलं होतं. धोरणात खोट काढायला जागाच नव्हती. खोट निघाली ती फाटकात. पातं घेऊन आलेल्या गाडीचं तोंड फाटकाशी पोचलं तेव्हा तिची शेपटी सायकलवाल्याच्या दुकानाशी होती, आणि त्या वळणावर एवढं धूड वळवायचं तर निम्मी गल्ली पाडावी लागली असती. पाती ठेवायला बांधलेल्या केंद्रात पातं सोडून सगळं शिरत होतं. उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांची मोटार आत शिरली होती, त्यामुळे फाटकाची चाचणी झाली असं सगळे धरून चालले होते.

ड्रायव्हरनं वर फोन लावला. वरून हुकूम आला, "तात्पुरतं उतरवून ठेवा." क्रेन आली, गल्लीवर आडव्या बांधलेल्या कपड्यांच्या दोऱ्या तटातट तुटल्या आणि पातं एका बाजूच्या घरांना चिकटून निजलं. ताईंच्या दारापाशी त्याची जाडी छातीपर्यंत आली. भिंत आणि पातं यांच्या फटीतून माणूस अंग चोरून, पोट आत ओढून, खेकड्यासारखा सरकत बाहेर जाऊ शकत होता. चाकाच्या खुर्चीला पोट आत ओढता येत नाही. आणि त्या घरात चाकाची खुर्ची होती.

खुर्ची ताईंच्या सासऱ्यांची. नवरा गेल्यापासून घरात दोघंच, ताई आणि बाबा. बाबा म्हणजे जन्मभर एसटीत घंटी वाजवलेला कंडक्टर. पाय गेले, पण तोंड अजून ड्यूटीवर होतं. घरात चार माणसं आली की "आत सरका, दारात थांबू नका" म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रोज संध्याकाळी ताई त्यांना ढकलत सायकलवाल्याच्या दुकानाशी नेऊन सोडायच्या. तिथे स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. तेवढ्यासाठी हा माणूस सकाळीच गुळगुळीत दाढी करून तयार असायचा. पातं आलं तेव्हाही डाव अर्ध्यावर होता, आणि सायकलवाल्याचा मारलेला घोडा बाबांच्या खिशात होता. घोडा ते घरी घेऊन यायचे. सायकलवाल्याचा भरवसा नव्हता. पाठ वळली की मेलेली जनावरं तो जिवंत करायचा.

बाबांनी दारातून पात्याकडे खालीवर बघितलं. "ही कुठली गाडी लागली गं? ना पाटी, ना नंबर."

"पवनचक्कीचं पातं आहे बाबा. तात्पुरतं ठेवलंय म्हणे."

"मग थांबू थोडं. पुढची चाल माझी आहे."

दुसऱ्या दिवशी ताई कार्यालयात गेल्या. घटकसाहेब, म्हणजे घटक-पुनर्वापर अधिकारी, वरच्या मजल्यावर बसत. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर एक मोठा फलक होता: 'आजपर्यंत निर्माण झालेला कचरा', आणि खाली एक भलंमोठं शून्य. अख्खं खातं त्या शून्याला अंड्यासारखं जपत होतं.

"साहेब, आमच्या दारात पातं पडलंय."

"पडलेलं नाही, ठेवलेलं आहे," साहेब म्हणाले. "आणि पातं नका म्हणू. वर फिरतं ते पातं. खाली आलं की घटक."

"बरं बाई, घटक. तो उचला. आमचे बाबा घरात अडकलेत."

"उचलून ठेवणार कुठे? केंद्रात जात नाही ना."

"मग मधून कापा आणि न्या की तुकड्यातुकड्यानं."

साहेबांनी घाईघाईनं उठून दार लोटून घेतलं. "ताई, इथे बोललात ते बोललात, बाहेर बोलू नका. अखंड आहे तोवर तो घटक. कापला की झाला कचरा. या खात्यानं आजवर चिमूटभर कचरा केलेला नाही."

"मग कचरेवाल्यांनाच सांगते."

"अवश्य सांगा. खालच्या मजल्यावर बसतात. पण ते फक्त कचरा उचलतात."

ताई खाली गेल्या. खालचा साहेब भला माणूस निघाला. "वरच्यांनी नुसतं एवढं लिहून द्यावं की हा कचरा आहे," तो म्हणाला, "संध्याकाळच्या आत गल्ली मोकळी करतो." ताई पुन्हा वर. वरच्यांनी मान वळवून शून्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत जी माया होती ती पोटच्या पोराच्या वाट्यालाही क्वचित येते.

"नाही हो जमणार," ते म्हणाले.

"निदान तात्पुरतं म्हणजे किती दिवस, ते तरी सांगा."

"दिवस ठाऊक असते तर तात्पुरतं कशाला म्हटलं असतं? तारीखच दिली असती."

शेजारी धावून आले, नाही असं नाही. पहिल्या संध्याकाळी लाँड्रीवाल्यानं आणि आणखी दोघांनी मिळून बाबांना उचललं, पात्यावरून पलीकडे काढलं, मागून खुर्ची काढली. बाबांनी जाऊन चाल केली. परत आणताना लाँड्रीवाल्याच्या कमरेत चमक भरली आणि तो चार दिवस आडवा झाला. त्याच्या बायकोनं ताईंकडे फक्त एकदा बघितलं. नंतर बाबांना उचलायचं नाव कुणी काढलं नाही आणि ताईंनीही कुणाला गळ घातली नाही. मग लाँड्रीवाला येता-जाता चाली पोचवायला लागला. "बाबा, त्यानं उंट मागे घेतला." "भ्यायला लेकाचा. सांग त्याला, हत्ती पुढे." असं हेही चालत राहिलं.

घोडचूक झाली ती ताईंच्या हातून, आणि ती चूक टेलरच करू जाणे. सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढावं लागतं. न काढता शिवलं तर पहिल्याच धुण्यात आटतं, आणि बापाच्या मापानं शिवलेला सदरा पोराला घालावा लागतो. ताईंकडे शाळेच्या गणवेशाचा पांढरा तागा आला होता. कापड भिजवून झालं, पिळून झालं, आणि ताई ओला बोजा घेऊन दारात उभ्या राहिल्या तर दोरी कुठे होती? दोरी पात्याच्या पोटाखाली. समोर मात्र गुळगुळीत, स्वच्छ, उन्हानं तापलेलं ते लांबलचक पांढरं अंग पसरलेलं. ताईंनी एक शिवी हासडली आणि तागा त्यावर पसरून दिला.

नेमके त्याच दुपारी घटकसाहेब ताईंच्या तक्रारीची चौकशी करायला आले. पांढऱ्या पात्यावर पांढरं कापड बघून ते जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"ताई, हे काय?"

"कापड वाळतंय."

"कशावर?"

"तुमच्या त्या घटकावर! दोरी तुमच्याच गाडीनं तोडली. मग काय डोक्यावर वाळत घालू?"

"म्हणजे वापर सुरू झाला," साहेब पुटपुटले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "फोटो घ्या रे."

ताईंनी धावत जाऊन कापड ओढून काढलं. पण फोटो निघाला होता, आणि फोटोतलं कापड पुढे कायम वाळत राहिलं. आठवड्याभरात ताईंना पत्र आलं की त्यांच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालेलं आहे, सदर घटक आता अडथळा नसून 'वस्त्र-वाळवण सुविधा' आहे, आणि त्या स्वतः तक्रारदार नसून लाभार्थी आहेत. लाभार्थ्याला तक्रार करता येत नाही. तसा नियम नाही, पण तशी पद्धत आहे.

वरच्या कार्यालयात त्या फोटोनं खळबळ माजवली. इतकी वर्षं मोठमोठी डोकी एका प्रश्नावर झिजत होती: पात्याचं करायचं काय? कुणी म्हणे पूल बांधा, कुणी म्हणे दळून सिमेंटमध्ये घाला, कुणी म्हणे डागडुजी करून पुन्हा टेकडीवर चढवा. सगळ्याला खर्च, सगळ्याला कारागीर, सगळ्याला अक्कल लागत होती. आणि इथे एका शिलाईवालीनं फुकटात सिद्ध करून दाखवलं की काहीच करायचं नाही. वस्तू माणसाच्या दारात नेऊन टाकायची आणि वाट बघायची. माणूस हा असा प्राणी आहे की तो कशाचा ना कशाचा उपयोग करतोच. उपयोग केला की फोटो काढायचा. या शोधाला 'दारोदारी घटक' असं नाव मिळालं आणि घटकसाहेबांना बढतीचे वेध लागले.

महिन्याभरात गावाची कळा पालटली. बाजारातल्या रस्त्यात पातं, त्यावर भाजीवाल्यांच्या टोपल्या: 'विक्री-सुविधा'. शाळेच्या मैदानात पवनचक्कीच्या खांबाचा अजस्र पोकळ तुकडा, त्यात दोन वर्ग भरायला लागले: 'वर्तुळ-शिक्षण'. दवाखान्याच्या दारातच एक पातं ठेवलं, त्यामुळे आजारी माणसांना पलीकडे चढून जावं लागे. ज्यांना चढता आलं ते तितके आजारी नाहीत असं डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि गर्दी आटोक्यात आली. याचाही फोटो निघाला. जे घटकाचा काहीच वापर करत नव्हते त्यांना 'वापर-टाळाटाळ' अशी नोटीस जाई. मग तेही बिचारे नोटीस घटकावरच चिकटवून टाकत आणि वापर सुरू होई.

केंद्रात खरोखर काम करणारा एक विभाग होता, हे इथे सांगून टाकतो, कारण अहवालात ते कुठे सापडणार नाही. तिथले कारागीर जुने गिअरबॉक्स उघडत, झिजलेली चाकं बदलत, बेअरिंग नव्यानं बसवत आणि पेटी पुन्हा टेकडीवर पाठवत. ती तिथे जाऊन मुकाट्यानं फिरत राही. साहेबांनी एकदा तिथे पाय ठेवला आणि विचारलं, "याचा लाभार्थी कोण?"

कारागीर एकमेकांकडे बघायला लागले. "पवनचक्की, साहेब."

"तिला मंचावर बोलावता येईल का? ती दोन शब्द बोलेल का?" साहेबांनी हळहळून मान हलवली. "अहो, वस्तू पुन्हा होती तिथेच जाऊन होती तेच काम करायला लागली, तर ती दुरुस्ती झाली. दुरुस्तीचं खातं वेगळं." त्या विभागाला कुलूप लागलं आणि तिथे फोटोंचं प्रदर्शन भरलं. दारातच ताईंचा तागा, भिंतभर मोठा.

पुढे जुनी पाती संपली. मागणी मात्र चढत होती, शेजारची गावंही घटक मागायला लागली होती. मग फिरती पाती उतरवायला सुरुवात झाली. टेकडीवरच्या तंत्रज्ञानं हात जोडले. "साहेब, ही तर धडधाकट आहेत हो."

"म्हणूनच," साहेब म्हणाले. "लोकांच्या दारात काय फुटकंतुटकं टाकायचं?"

हळूहळू वीज जायला लागली. आधी दुपारची, मग संध्याकाळची, मग ती येते कधी एवढंच लोक एकमेकांना विचारायला लागले. कार्यालयात कुणी बोंब मारली तर उत्तर तयार होतं: "वीज आमच्याकडे नाही." ते खरंच होतं, कार्यालयातही मेणबत्त्याच होत्या. त्या एका कापून आणलेल्या पात्याच्या टोकावर लावलेल्या होत्या. हे टोक कापलं कसं, असं विचारायची सोय नव्हती. भिंतीवरचं शून्य मेणबत्तीच्या उजेडात फारच शोभून दिसे.

वर्षाखेरीला समारंभ ठरला. आद्य लाभार्थी म्हणून ताईंचा सत्कार होणार होता. ताईंनी पातळाच्या पदरात राग घट्ट बांधून नेला होता. आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं होतं, "बाई गं, त्यांना नीट सांगशील ना? म्हणावं, मला गाव फिरायचं नाही. कोपऱ्यापर्यंत जायचंय." आणि हे सांगताना त्यांचा आवाज असा काही पडला होता की ताई रात्रभर कूस बदलत राहिल्या. मंचावर त्यांनी माईक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला शाल नको, फलक नको. आमचे बाबा वर्षभर घरात डांबलेत. त्यांना बाहेर काढा."

घटकसाहेब जराही गडबडले नाहीत. त्यांनी माईक घेतला. "ताईंची मागणी रास्त आहे. बाबांना उद्याच बाहेर काढण्यात येईल." टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंना वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, खिशात घोडा घेऊन बसले होते. क्रेननं पातं उचललं नाही. क्रेननं बाबांना उचललं. खुर्चीसकट वर नेऊन पात्याच्या पाठीवर ठेवलं आणि चाकं दोरीनं बांधली. वर आधीच पाटी लावलेली होती: 'ज्येष्ठ नागरिक दर्शन-मंच'. बाबांना तिथून सगळी गल्ली दिसली, सायकलवाल्याचं दुकान दिसलं, स्टुलावर फडक्याखाली झाकलेला पट दिसला. सायकलवाल्यानं दुरून हात केला. त्याचेही गुडघे धरलेले होते आणि त्याच्या दुकानाच्या पायरीशी आता एक घटक होता. त्याला तो टायर टांगत असे. बाबांनीही हात केला. फोटो झाले. मग क्रेनला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून बाबांना उतरवून पुन्हा घरात ठेवलं.

"काय वाटलं बाबा?" वार्ताहरानं विचारलं.

"तिकीट फाडलं, सीटवर बसवलं," बाबा म्हणाले, "आणि गाडी जागची हललीच नाही." वार्ताहरानं 'बाबा भारावून गेले' असं छापलं.

इथून पुढे ताईंनी लढा सोडला असं कुणी म्हणू नये. लढा चालूच होता. फक्त त्यांचे हात मोकळे नव्हते. झालं असं, की फोटोमुळे ताईंचं नाव झालं आणि गिऱ्हाईक वाढलं. आत येणं अवघड, म्हणून ताई पात्याच्या अलीकडून पलीकडच्या माणसाची मापं घ्यायला लागल्या. मग लक्षात आलं की पात्याची सपाट बाजू कापड बेतायला फार झकास आहे. एवढं लांब टेबल कुठल्या टेलरला मिळतं? मग उन्हाचा त्रास, म्हणून पात्यावर खांब उभे करून घराच्या वळचणीपासून पात्याच्या पलीकडे गल्लीत पत्रे ओढले. फुकटात एक खोली वाढली. वीज नव्हती म्हणून मशीनची मोटर काढून पायानं चालवायला लागल्या, पण उजेड चांगला येई. यातली एकेक गोष्ट शहाणपणाचीच होती. कुणीही हेच केलं असतं.

मग खात्याकडून काम आलं. गावभर पडलेली पाती आता मळली होती, शेवाळली होती आणि बाहेरून पाहुणे यायचे होते. तेव्हा सगळ्या घटकांना खोळी शिवायच्या, फुलाफुलांच्या, म्हणजे ते घटक वाटणार नाहीत. काम ताईंनाच मिळालं. ताईंनी दोन बायका हाताखाली घेतल्या. दिवसभर पत्र्याखाली मशीनची खडखड चालू.

आतल्या खोलीत बाबा. आधी रोजची दाढी एक दिवसाआड झाली, मग आठवड्यानं. लाँड्रीवाल्यालाही खोळींना इस्त्री करायचं काम मिळालं होतं, त्यामुळे चाली पोचवायचं राहून जाई.

"आज काही बोलला का गं तो? चाल त्याची आहे."

"गडबडीत विचारायचं राहिलं बाबा. उद्या नक्की."

रोज मरे त्याला कोण रडे. ताई वाईट नव्हत्या. रात्री बाबांचे पाय चोळताना उद्या सकाळी आधी कार्यालय गाठायचं असं त्या ठरवायच्या. सकाळी गिऱ्हाईक दारात उभं असायचं. म्हणजे पात्यापाशी.

याच सुमारास पलीकडच्या गल्लीतली एक सून रडत ताईंकडे आली. तिच्या दारात परवाच पातं टाकलं होतं आणि तान्ह्या मुलाची गाडी बाहेर काढता येत नव्हती. "ताई, तुम्ही पहिल्यापासून आहात यात. मी काय करू?"

ताईंनी दातांत धरलेला दोरा तोडला. "अगं, सुरुवातीला जड जातं," त्या म्हणाल्या. "होईल सवय. आधी कापड वाळत घालून बघ." आतून बाबांनी हे ऐकलं.

घटकसाहेबांना शेवटी बढती मिळाली आणि ते राजधानीला गेले. नव्या साहेबांपुढे मोठा पेच होता. टेकडी बोडकी झाली होती, वीज बंद पडली होती, आणि ओरडा आता वरपर्यंत पोचला होता. त्यात एका पाऊसवाऱ्याच्या रात्री केंद्रासमोर रचलेलं एक पातं घरंगळलं आणि त्यानं फाटक, कमान, कोनशिला सगळं सपाट केलं. वळण आपोआप रुंद झालं. नवे साहेब हिशेबी होते. त्यांनी हुकूम काढला: पाती परत घ्या, नीट करा, वर चढवा. सुरुवात पहिल्या घटकापासून.

आणि एका सकाळी लांबलचक गाडी गल्लीत शिरली. क्रेनचा आवाज ऐकून बाबा ताठ बसले. ताईंना हाक न मारता त्यांनी स्वतःच आरसा ओढला, दाढी केली, दोन ठिकाणी कापूनही घेतलं. पेटीतला जुना खाकी सदरा अंगात चढवला, पायांत चपला अडकवल्या, घोडा खिशात टाकला आणि चाकं ढकलत ढकलत उंबऱ्याशी येऊन थांबले.

नवे साहेब पत्र्याखाली वाकून आत आले. "ताई, एक सही हवी. घटक सध्या वापरात नाही, एवढंच. सही झाली की अर्ध्या तासात तुमचं दार मोकळं."

ताईंनी पेन घेतलं. त्यांनी वर बघितलं. पत्र्यांचं सगळं ओझं पात्यावर होतं. पात्यावर पाहुणे यायच्या आधी द्यायच्या खोळी अर्ध्या बेतलेल्या होत्या, वर खडूच्या खुणा होत्या. दोन बायका मशीन थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरी चूल ह्याच खोळींवर पेटत होती. मग ताईंनी उंबऱ्याकडे बघितलं. खाकी सदऱ्याची वरची गुंडी भलत्याच काजात गेली होती. ती नीट लावून द्यावी असं त्यांना फार वाटलं.

"साहेब," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही, "एवढा हंगाम जाऊ द्या ना. हातातलं काम उरकतं. मग न्या खुशाल. तात्पुरतं राहू द्या."

नव्या साहेबांनी खांदे उडवले. लाभार्थ्याची इच्छा. गाडी उलटी, हळूहळू, शिट्टीच्या तालावर गल्लीबाहेर निघाली. फार वेळ तिचा आवाज येत राहिला.

"बाबा," ताई म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं. "थोडेच दिवस. खरंच थोडेच दिवस हो."

बाबांनी खिशातून घोडा काढला, तळहातावर ठेवून बघितला आणि ताईंच्या हातात दिला. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. जन्मभर हजारो माणसांना ज्या समजुतीच्या सुरात सांगितलं, त्याच सुरात ते म्हणाले, "ही गाडी फुल्ल आहे. मागून गाडी येतेय, रिकामी आहे." आणि चाकं वळवून ते आत गेले. चपला मात्र त्यांनी काढल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही! सख्ख्या सासऱ्यापेक्षा हिला पत्र्याची खोली प्यारी? म्हणा की. म्हणायला काही लागत नाही. पण तोंड उघडण्याआधी जरा उठा आणि आपल्या दाराबाहेर डोकावून या. तिथेही काहीतरी तात्पुरतं पडलेलं असेलच. कुणी टाकलं, कधी टाकलं, ते विचारत नाही. त्यावर तुम्ही काय वाळत घातलंय, तेवढं बघा. आणि आत येताना हेही बघा, घरात कुणी चपला घालून बसलंय का.